एका गाडीचे पाठभेद

मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने वार्षिकासाठी मोटारीच्या इंजिनावर लिहावे, हे संपादक मंडळाला जरा चमत्कारिक वाटेल. कविता जमत नसेल तर निदान सहलीचे वर्णन तरी द्यावे, असा रिवाज आहे. पण २०२५ सालच्या पहिल्या सहा महिन्यांत आमच्या घरात जेवढे हिशेब झाले, जेवढे अबोले झाले आणि जेवढी जेवणे गार झाली, ती सगळी एका जुन्या मोटारीपायी झाली. शिवाय पाठचिकित्सा नावाचा जो विषय आम्हाला वर्गात शिकवला गेला, तो मला खऱ्या अर्थाने कळला तो त्या मोटारीच्या बॉनेटखाली वाकून. सरांनी हे वाचून रागावू नये.

ती मोटार म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. गाड्यांचे वेड असलेल्यांना एवढे नाव पुरे. इतरांसाठी थोडी पूर्वपीठिका सांगते. या चेक कंपनीने २००१ साली आमच्या शहराजवळ, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू केली. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. पुढे २००४ च्या सुमारास त्याच गाडीची एक चपळ आवृत्ती बाजारात आली, तीच आरएस. दिसायला घरंदाज, डिकी एवढी मोठी की लग्नाचा बस्ता मावावा; पण बॉनेटखाली १७८१ घनसेंटिमीटरचे, टर्बो लावलेले, १५० अश्वशक्तीचे इंजिन. त्या काळी आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक मोटारींची ताकद याच्या निम्मीही नव्हती.

आमचे अण्णा एका कारखान्याच्या साहेबांच्या गाडीवर अकरा वर्षे ड्रायव्हर होते. ती साधी ऑक्टाव्हिया, आरएस नव्हे. दादा तेव्हा शाळेत होता. अण्णा कधी गाडी घेऊन घरावरून गेले तर तो गल्लीच्या तोंडाशी उभा राही. त्याला गाडीत बसायला कधी मिळाले नाही, कारण साहेबांच्या गाडीत स्वतःच्या मुलाला बसवायचे नाही हा अण्णांचा नियम होता. मोठेपणी दादा वाळूजला फिटर म्हणून लागला, आणि सहा वर्षांत त्याने तीन लाख वीस हजार रुपये साठवले. एवढ्या पैशांत आजच्या दिवशी नवी मोटार म्हणावी तशी येत नाही. मात्र वीस वर्षांची आरएस येते. आईला वरच्या खोलीचा स्लॅब घालायचा होता. शिवाय त्या पैशांत माझ्या एम. ए.चाही वाटा आहे, असे तिचे म्हणणे. दादाचे तसे म्हणणे नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही नव्हते. पैसे त्याच्या घामाचे होते.

अडचण निराळीच होती. वीस वर्षे झालेली आरएस मुळात जशी होती तशी मिळणे फार अवघड. साधी गाडी म्हातारी होते, भंगारात जाते. वेगाची गाडी म्हातारी होत नाही, ती हौशी माणसांच्या हाती जात राहते; आणि प्रत्येक हौशी माणूस तिच्यात आपले काही तरी घालतो. कोणी हवेचा मोठा फिल्टर बसवतो, कोणी जाड पाइपाचा सायलेन्सर, कोणी तिला जमिनीलगत खाली बसवतो. आणि जवळजवळ सगळे जण तिचा ‘मॅप’ बदलून घेतात.

हा मॅप काय असतो ते दादाने मला दोन संध्याकाळी खर्चून समजावले. इंजिनाला ईसीयू नावाचा एक मेंदू असतो. हवा किती आली, इंजिन किती फेरे घेते आहे, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे पाहून पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी नेमकी केव्हा पाडायची आणि टर्बोने हवा किती दाबायची हे तो ठरवतो. ठरवण्याची कोष्टके कारखान्यात लिहिलेली असतात. कारखाना ती हात राखून लिहितो, कारण त्याला राजस्थानचा उन्हाळा, घाटातला चढ, भेसळीचे पेट्रोल आणि ऑइल बदलायला विसरणारा मालक या सगळ्यांची काळजी वाहायची असते. ट्यूनर ही राखलेली जागा वापरून टाकतो. कोष्टके नव्याने लिहिली की एकही भाग न बदलता दीडशेची एकशे नव्वद अश्वशक्ती होऊ शकते. ऐकायला जादू वाटते. पण टर्बोचा दांडा आधीच मिनिटाला लाखावर फेरे घेत असतो. त्याला आणखी पळवायचे, पिस्टनवर आणखी दाब टाकायचा, क्लचने आणखी ओढ सोसायची, आणि उष्णता जायची कुठे हा प्रश्न मागे ठेवायचा. नव्या मॅपला बहुधा जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल लागते. हलके पेट्रोल मिळाले तर ते ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच दाबाने पेट घेऊ लागते, आणि इंजिन आतून ठोकल्यासारखा आवाज करते. मेंदू ते ऐकून सावरतो, पण किती काळ सावरणार?

मला हे ऐकताना वर्गातला तास आठवत होता. जुन्या पोथ्यांच्या नकला करणारे दोन प्रकारचे असत. एक अडाणी, तो पाहून उतरवी, चुकला तर अक्षर चुके, आणि ती चूक आपल्याला दिसते. दुसरा शहाणा, त्याला वाटे, ही ओवी अशी नसावी, अशी असावी, आणि तो ती सुधारून ठेवी. हा दुसरा अधिक धोक्याचा, कारण त्याची भर मूळ मजकुरात बेमालूम मिसळते. ज्ञानेश्वरीत अशी भर फार पडली म्हणून १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, एकनाथांनी प्रती जमवून शुद्ध पाठ सिद्ध केला. पैठण आमच्या घरापासून पन्नासएक किलोमीटरवर आहे. मी दादाला म्हटले, “तुला गाडी नको, शुद्ध प्रत हवी आहे.” तो म्हणाला, “शुद्ध नको ग, फास्ट हवी.” घरातला सगळा वाद या दोन शब्दांत होता.

जानेवारीत पुण्याला, वाकडच्या बाजूला एक काळी आरएस पाहायला गेलो. अण्णा, दादा आणि मी. मला कशाला, असे आईने विचारले तेव्हा दादा म्हणाला, “ती कागद नीट वाचते.” दादा एरवी माझ्या शिक्षणाबद्दल बोलत नाही, म्हणून हे मी लक्षात ठेवले आहे.

गाडी देखणी होती. मालक एका संगणक कंपनीतला तरुण, बोलायला मोकळा. त्याने बॉनेट उघडले तर आत लाल आणि निळे सिलिकॉनचे पाइप, चकचकीत नळ्या, जत्रेतल्या दुकानासारखी रोषणाई. दादाचे डोळे तिथेच अडकले. अण्णांनी मात्र बॉनेट उघडण्याआधीच त्यावर तळहात ठेवला होता.

“गाडी कुठं नेली होती का सकाळी?”

“नाही काका, तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली.”

अण्णा ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’चा अर्थ मला घरी परतताना कळला. रात्रभर गार झालेले इंजिन पहिल्यांदा चालू होते तेव्हा ते खोटे बोलू शकत नाही, असे अण्णांचे मत आहे. ऑइल खाली उतरलेले असते, म्हणून झिजलेली साखळी खडखडते. व्हॉल्व्हच्या सीलमधून रात्री झिरपलेले ऑइल जळून निळा धूर येतो. इंजिन एका चालीवर राहत नाही, वरखाली होते. पाच-दहा मिनिटांत गरम झाले की हे सगळे झाकले जाते.

तरुणाने आपण केलेल्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी एक आलेख काढून दिला. गाडी रोलरवर चढवून काढलेला, २१२ अश्वशक्ती. दादाने तो माझ्या हातात दिला. मी वाचला. आलेखावर गाडीचा क्रमांक नव्हता. तारीख सहा वर्षांपूर्वीची होती, आणि हा मालक गाडी घेऊन तीनच वर्षे झाली होती. पोथीच्या शेवटी नकलाकाराचे नाव, स्थळ, शक लिहिलेला मजकूर असतो, त्याला पुष्पिका म्हणतात. ती नसेल तर पोथी कुणाची, कधीची, हे सांगता येत नाही. हा आलेख पुष्पिकेविना होता. तो याच गाडीचा असेलही. पण असेलही आणि आहे यांत दादाची सहा वर्षे होती.

मग गाडी रस्त्यावर काढली. बाह्यवळणावर दादाने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि आम्ही मागच्या सीटला चिकटलो. मी त्याचा चेहरा आरशात पाहिला. गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा मुलगा मला आठवत नाही, तेव्हा मी फार लहान होते. पण तो असाच दिसत असला पाहिजे. पायाखालून ॲक्सिलरेटर सोडला की ‘फुस्स’ असा मोठा आवाज येई आणि रस्त्यावरची पोरे वळून पाहत. त्या आवाजाची गंमत दादाने मला नंतर सांगितली. पाय काढला की टर्बोने दाबलेली हवा कुठे तरी जायला हवी. कारखान्याने तिला वळवून पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेलेले असते. हौशी लोक ती वाट बंद करून हवा बाहेर सोडतात, आवाजासाठी. पण या इंजिनात येणारी हवा आधीच मोजून घेतलेली असते. मोजलेली हवा बाहेर गेली की मेंदूचा हिशेब चुकतो. नसलेल्या हवेसाठी तो पेट्रोल सोडून बसतो. म्हणजे हा बदल गाडीला काहीच देत नाही. तो ऐकणाऱ्यांसाठी केलेला प्रक्षेप आहे.

परतताना चढावर अण्णा म्हणाले, “चौथ्यात घे. साठवर ठेव. आता पूर्ण दाब.” दादाने दाबले. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा सरसर चढला, वेगाचा काटा होता तिथेच रेंगाळला. क्लच घसरत होता. दादाला ते कळले. फिटर आहे तो. पण कळणे आणि पटणे यांत त्या दिवशी बरेच अंतर होते.

दादाने कॉम्प्रेशन मोजायचे यंत्र पिशवीत आणले होते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते त्यावर दिसते. मालक म्हणाला, “प्लग नका काढू, गरम इंजिनात आटे जातात.” हे तितकेसे चूक नाही. पण मग गार होईपर्यंत थांबतो म्हटल्यावर त्याला दुसरीकडे जायचे होते. सर्व्हिसची बिले मागितली तर तीन वर्षांतली दोन निघाली. विम्याच्या कागदावर या बदलांचा एक शब्द नव्हता. कारखान्याचे मूळ भाग कुठे आहेत असे मी विचारले, तर ते आधीच्या मालकाने विकले होते.

किंमत तीन लाख चाळीस हजार. वीस हजार कमी करतो, पण आजच पंचवीस हजार टोकन द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे. दादाने पिशवीत हात घातला. मी अण्णांकडे पाहिले. ते पार्किंगच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. नाही म्हणणे त्यांना सोपे होते. त्यांनी नाही म्हटले असते तर दादाने ऐकले असते आणि आयुष्यभर तेच सांगितले असते. दादाचा हात बराच वेळ पिशवीत होता. मग तो म्हणाला, “दोन दिवसांनी फोन करतो.”

एसटीत नगर येईपर्यंत तो बोलला नाही. नगरला चहा घेताना म्हणाला, “असली गाडी परत मिळणार नाही.” दोन दिवसांनी फोन केला तेव्हा ती विकली गेली होती. त्यानंतर तीन आठवडे घरात फक्त भांड्यांचे आवाज होते.

फेब्रुवारीत नाशिकची गाडी कळली. लाल, २००५ ची, एक लाख बारा हजार किलोमीटर चाललेली. मालक डॉक्टर, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर क्लच दाबवत नाही म्हणून विकत होते. फोनवर त्यांनी आपणहून सांगितले, “मी आदल्या रात्रीपासून हात लावणार नाही. सकाळी तुम्हीच चालू करा.” अण्णांनी हे ऐकले आणि पहिल्यांदा त्या व्यवहारात रस घेतला.

या गाडीतही बदल होते. २०१० साली मॅप बदललेला, साधारण १९० अश्वशक्तीचा. हवेचा फिल्टर वेगळा, सायलेन्सर वेगळा, पुढचे ब्रेकपॅड चांगल्या प्रतीचे. म्हणजे शुद्ध प्रत ही पण नव्हती. फरक होता तो एका खोक्यात आणि एका वहीत. खोक्यात काढलेले सगळे मूळ भाग वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. फिल्टरचा डबा, हवेच्या वाटेचा झडपेचा भाग, मूळ सायलेन्सर शेजारी उभा करून. मूळ मॅपची प्रतही त्यांनी ट्यूनरकडून मागून ठेवली होती. आणि वही म्हणजे शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, आम्ही पाचवीत वापरायचो तसली.

ती वही मी त्यांच्या व्हरांड्यात बसून दीड तास वाचली. बाहेर दादा आणि अण्णा गाडीभोवती फिरत होते, मला त्याची शुद्ध नव्हती. तारीख, किलोमीटर, कोणते ऑइल, किती पेट्रोल, कोणत्या पंपावरचे. दर साडेसात हजार किलोमीटरला ऑइल बदललेले. इग्निशनच्या चारही कॉइल एकामागून एक गेल्या, त्या कधी बदलल्या ते. क्लच दोनदा. टायमिंग बेल्ट २०१९ मध्ये. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि सगळे डोके उतरवावे लागते, म्हणून त्याची नोंद लाल शाईने. २०१२ च्या एका पानावर लिहिले होते की कसाऱ्याच्या घाटात मागून निळा धूर निघाला, टर्बोचे सील गेले, चूक माझी, घाट चढून आल्यावर लगेच गाडी बंद केली. त्यापुढे नवीन टर्बोची किंमत आणि खाली एक ओळ मारून: बंद करण्याआधी दोन मिनिटे चालू ठेवणे.

विकणाऱ्या माणसाने हे पान सहज फाडता आले असते. वहीतली पाने मी मोजली, शंभरच भरली.

सकाळी इंजिन गार होते. दादाने किल्ली फिरवली, ते दोन सेकंद खडखडले आणि शांत झाले. अण्णा सायलेन्सरपाशी उकिडवे बसून धूर पाहत होते. प्लग काढले, त्यांची चिनीमाती बिस्किटाच्या रंगाची. पांढरीफटक असती तर इंजिन उपाशी आणि तापलेले, काळी असती तर पेट्रोल जास्त. कॉम्प्रेशन १६०, १५५, १६०, १६० पौंड. आकडा किती यापेक्षा चारही एकमेकांना धरून असणे महत्त्वाचे, असे दादा म्हणाला. चौथ्या गिअरात, साठवर, पूर्ण दाबून पाहिले. दोन्ही काटे बरोबरीने चढले. फुस्स आवाज मात्र आला नाही. दादाने तो मागे वळून ऐकायचा प्रयत्न केला, हे मी पाहिले.

डॉक्टर अण्णांना म्हणाले, “काका, तीन साठ सांगितलेत, पण तुम्ही काय म्हणता?” अण्णा म्हणाले, “मी काही म्हणत नाही डॉक्टरसाहेब, पैसे याचे आहेत.” तीन लाख दहा हजारांवर ठरले. दादाकडे दहा हजार उरले, आणि नाशिक ते घर एवढ्या पेट्रोलचे त्यांतून गेले.

चहा पिताना डॉक्टरांनी दादाला विचारले, “मॅप ठेवणार की काढणार?” हा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो, आणि तो गाडीपेक्षा जास्त जागा अडवून बसला.

कायद्याची बाजू मी वाचून काढली, कारण तेवढेच मला जमते. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधिक ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला न सांगता केलेल्या बदलांमुळे अपघातानंतर भरपाई अडू शकते. आणि आमच्या गाडीची पंधरा वर्षे २०२० मध्ये भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवलेली होती, ती जुलै २०२५ मध्ये संपत होती. पुन्हा आरटीओत तपासणी, पुन्हा पर्यावरण कर. रस्त्यावर बदललेल्या गाड्या राजरोस फिरतात, हे मला दिसते. डॉक्टरांचीही पंधरा वर्षे फिरलीच. पण डॉक्टरांना दुसरी गाडी होती, आणि भरपाई अडली असती तर त्यांचे घर अडले नसते.

दादाचे म्हणणे मात्र खोडून काढण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, “मूळ मूळ काय करतेस? ह्याच गाडीला युरोपात कारखान्यानंच एकशे ऐंशी अश्वशक्ती दिली होती. त्याच कुळातलं इंजिन. आपल्याकडं येताना दीडशे केली. मग मूळ कोणतं?” मी गप्प झाले. एकनाथांनी शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी आपण मूळ म्हणून वाचत होतो. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली, आणि मूळ कोणते हा वाद नव्याने उभा राहिला. कारखान्याने आपल्या देशाचे पेट्रोल आणि उन्हाळा पाहून कोष्टके उतरवून लिहिली असणार. तोही एक पाठच. आणि आता तर २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे, ज्याची कल्पना ते इंजिन बनवणाऱ्यांना २००५ मध्ये नव्हती. कोणताही जुना पाठ आजच्या पेट्रोलसाठी लिहिलेला नाही.

अण्णा या वादात एकदाच बोलले. रात्री जेवताना म्हणाले, “साहेबाची गाडी अकरा वर्षं चालवली. तिला कुणी काय केलेलं नव्हतं, म्हणून काय बिघडलं ते आवाजावरून कळायचं. हिच्यात दोन माणसांचे आवाज आहेत. उद्या काही वाजलं तर कुणाचं वाजलं, ते तुला सांगता येईल का?” दादाने उत्तर दिले नाही. भात संपवून तो गाडीपाशी जाऊन बसला.

मार्चअखेर त्याने मॅप काढायचे ठरवले. मला वाटते कायद्याने नव्हे, अण्णांच्या त्या बोलण्यानेही पूर्ण नव्हे. वरच्या खोलीच्या स्लॅबचे पैसे गाडीत गेले होते. गाडीला काही झाले असते तर दोन्ही गेले असते, हा हिशेब त्याने स्वतःच केला असावा. बोलून दाखवला नाही. ट्यूनरने काढायचे पैसेही लिहिण्याइतकेच सांगितले, याचा दादाला फार राग आला. काम पाऊण तासाचे. एका तारेने मेंदू जोडला, पडद्यावर एक पट्टी भरत गेली, आणि चाळीस घोडे गेले. फिल्टरचा डबा आणि मूळ सायलेन्सर दादाने घरीच दोन रविवारी बसवले. ब्रेकपॅड चांगले होते ते ठेवले. थांबण्याच्या बाबतीत त्याला मूळ पाठाचा आग्रह नव्हता. विमा कंपनीला सगळे कळवणारे पत्र मी लिहिले. जुलैत तपासणी झाली, नोंदणी वाढली.

गाडी आता झोपाळू वाटते, असे दादा पहिले काही दिवस म्हणत होता. नंतर म्हणेनासा झाला. ऑगस्टमध्ये आम्ही चौघे पैठणला गेलो तेव्हा त्याने किल्ली अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी सीट पुढे ओढली, आरसे लावले, आणि आधी आईला, मग मला आणि शेवटी दादाला बसायला सांगितले. बिडकीनच्या पुढे रस्ता मोकळा होता. तिथे त्यांनी तिला एकदा चांगली पळवली. किती ते लिहीत नाही. पैठणला पोहोचल्यावर गाडी बंद करण्याआधी ते दोन मिनिटे तसेच बसून राहिले आणि आई सारखी विचारत होती, उतरायचे का नाही.

डॉक्टरांची वही दादा पुढे लिहितो आहे. शंभर पाने भरल्यामुळे नवी शिवून जोडली. काढलेला फिल्टर, तो जाड सायलेन्सर आणि बदललेल्या मॅपची प्रत आता खोक्यात आहे, मूळ भाग ज्यात होते त्याच, आणि खोके माळ्यावर आहे. दिवाळीच्या साफसफाईत आईने ते भंगारवाल्याला देऊ का म्हणून विचारले. दादा नको म्हणाला. अण्णाही नको म्हणाले, याचे तिला नवल वाटले.